पेन्सिलीच्या फुल्या: सीमाभागात पहिल्यांदा घराचं कर्ज घेणाऱ्यांसाठी

घराच्या कर्जाची फाईल सहीला येते तेव्हा पानापानावर पेन्सिलीनं बारीक फुल्या मारलेल्या असतात. जिथं फुली, तिथं सही. बेळगावच्या वडगावात आमच्या शेजारी यंत्रमागावर काम करणारं एक जोडपं आहे. त्यांच्या फाईलमध्ये मी ३८ फुल्या मोजल्या. एजंट भराभर पानं उलटत होता, "हितं करा, हितं, आता हितं," आणि दोघं सह्या करत होती. निम्मी पानं इंग्रजी, निम्मी कानडी. बोलणं मात्र सगळं मराठीत, आणि गोड. मी मध्येच विचारलं, "व्याज फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर?" तो माझ्याकडं न बघताच म्हणाला, "काका, ते सगळं सिस्टममध्ये असतंय."

मी काही वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत. फुल्या मीही मारल्यात. त्यामुळं टेबलाच्या पलीकडं काय चालतं हे थोडंफार ठाऊक आहे. आपल्या भागात फसवणाऱ्याला बहुतेक वेळा खोटं बोलावंच लागत नाही. कागदावर सगळं लिहिलेलं असतं, फक्त ते आपल्याला वाचता येत नाही. खाली लिहिलंय ते याच एका अडचणीभोवती.

पैसे देतंय कोण?

आपल्याकडं "फायनान्स" म्हटलं की सगळं त्यात येतं. पण भांडायची वेळ आली तर दार कुठलं ठोठवायचं, हे देणारा कोण आहे यावर ठरतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: नोंदणी कुठली?

बँक आणि एनबीएफसी (बँक नसलेली, पण कर्ज देणारी नोंदणीकृत कंपनी) यांच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण असतं आणि त्यांच्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. हाउसिंग फायनान्स कंपन्या २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली आल्या, पण त्यांच्या तक्रारी नॅशनल हाउसिंग बँक ऐकते. नोंदणी असलेल्या कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. पाटीवरचं नाव आणि यादीतलं नाव अक्षराअक्षरानं जुळवा. एखादा शब्द इकडंतिकडं करून मोठ्या कंपनीसारखं नाव लावणं ही जुनी युक्ती आहे.

सौहार्द सहकारी आणि पतसंस्था या बँका नव्हेत. सौहार्द संस्था कर्नाटकाच्या १९९७ च्या कायद्याखाली नोंदलेल्या असतात, बहुराज्य संस्था केंद्रीय निबंधकाकडं. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल यांच्या भानगडीत पडत नाही. सगळ्या वाईट असतात असं मुळीच नाही. आमच्या गल्लीतली कितीतरी घरं सौहार्दच्या कर्जावर उभी राहिली. पण तिथला संचालक ओळखीचा आहे म्हणून कागद न बघणं, हे माझ्या मते अनोळखी कंपनीपेक्षा जास्त घातक. ओळखीच्या माणसाला प्रश्न विचारायला आपल्याला लाज वाटते.

सावकाराला सहकार खात्याचा परवाना लागतो, आणि कर्नाटकात तारण असलेल्या कर्जावर वर्षाला १४ टक्के, बिनतारण कर्जावर १६ टक्के ही त्याची मर्यादा आहे. "शेकडा ३" म्हणणारा सावकार महिन्याचं बोलत असतो. म्हणजे वर्षाला ३६. शेकडा ५ म्हणजे ६०. दोन लाखांवर शेकडा ५ नं महिन्याला १० हजार जातात. २० महिन्यांत दोन लाख भरून होतात आणि मुद्दल जागचं हललेलं नसतं.

आणखी एक. "संघाचं कर्ज" म्हणून बायकांच्या गटाला जे मिळतं, ते मायक्रोफायनान्स. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या व्याख्येप्रमाणं ते वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरासाठी आणि बिनतारणच असतं. त्यात कुणी घराचे मूळ कागद मागितले, तर ते मायक्रोफायनान्स नाही, दुसरंच काहीतरी आहे.

कर्जाच्या आधी प्लॉटचा कागद

महाग कर्जाची सुरुवात पुष्कळदा प्लॉटपासून होते. शेताचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेले असतात. ना बिगरशेती झालेली, ना बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) लेआउट मंजूर. बेळगावच्या कडेकडेनं असे प्लॉट पडलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. स्वस्त वाटतात, आपण संचकार, म्हणजे विसार, देऊन बसतो, आणि मग बँकेचा वकील फाईल परत पाठवतो. त्याच वेळी दलाल म्हणतो, "काळजी नको, माझ्या ओळखीची फायनान्स आहे, ते कागद एवढं बघत नाहीत."

इथं थांबायचं. जो कागद बघत नाही तो कर्ज बुडेल म्हणून भीत नाही, कारण त्यानं वसुलीची वेगळी सोय करून ठेवलेली असते.

शहरात सिटी सर्व्हेचा उतारा आणि ई-खाता (पालिकेच्या दप्तरातली मालकाच्या नावाची नोंद) बघा. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या मालमत्ता नोंदीचा) नमुना ९ आणि ११-अ मागा. ११-ब हातात दिला तर पुढं जाण्याआधी वकिलाला दाखवा. शेतजमीन असेल तर आरटीसी, म्हणजे आपली पहाणी. तिच्यात ९ व्या रकान्यात मालक, ११ व्या रकान्यात इतर हक्क आणि बोजे असतात. आपण ९ वा वाचून खूश होतो, गोम ११ व्यात असते. आणि कावेरी पोर्टलवरून किंवा सब-रजिस्ट्रार कचेरीतून ईसी, म्हणजे मालमत्तेवरच्या नोंदवलेल्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा दाखला, काढा. नोंदी असतील तर ती फॉर्म १५ वर येते, काहीच नसेल तर फॉर्म १६ वर. पण फक्त नोंदवलेले व्यवहारच तिच्यात दिसतात. स्टॅम्पवर खाजगीत झालेलं संचकारपत्र किंवा सावकाराकडं ठेवलेले मूळ कागद ईसीत येणार नाहीत. म्हणून विकणाऱ्याकडं मूळ खरेदीपत्र डोळ्यांनी बघायचं. झेरॉक्स नको.

व्याजाचा दर आणि खरा दर

"फक्त ९ टक्के" हे ऐकून घरी येऊ नका. ९ टक्के कशावर, हे विचारा.

१० लाख, १० वर्षं, ९ टक्के घटत्या शिलकीवर घेतलं तर हप्ता साधारण १२,६६८ रुपये बसतो. तेच ९ टक्के फ्लॅट असेल तर १० वर्षांचं व्याज सरळ ९ लाख धरतात, १९ लाखांना १२० नं भागतात, आणि हप्ता येतो १५,८३३. तुम्ही मुद्दल फेडत जाता, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १० लाखांवर. घटत्या शिलकीच्या हिशोबात हा दर सुमारे साडेचौदा टक्के होतो. दोन्हीकडं पाटीवर "९ टक्के"च लिहिलेलं असतं.

दुसरी मेख विम्याची. २० लाखांच्या कर्जाला ८० हजारांचा एकरकमी विमा चिकटवतात आणि तो कर्जातच घालतात. तुमच्या खिशातून त्या दिवशी काही जात नाही, म्हणून जाणवत नाही. ९ टक्क्यांनी २० वर्षं फेडताना त्या ८० हजारांचे जवळपास पावणेदोन लाख होतात. कर्जासोबत अमुक कंपनीचाच विमा घ्यायची सक्ती करता येत नाही. विमा असू नये असं मी म्हणत नाही, कमावता माणूस गेला तर घर वाचतं. पण साधी टर्म पॉलिसी वेगळी घेऊन दोन्ही आकडे शेजारीशेजारी मांडून बघा. गळ्यात पडलाच असेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

सरकारी अनुदान मिळवून देतो म्हणून आधी पाच-दहा हजार मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात (दुसरा टप्पा) व्याजाचं अनुदान आहे, जास्तीत जास्त १.८० लाख, तेही हप्त्याहप्त्यानं आणि कर्ज देणाऱ्या संस्थेमार्फत तुमच्या कर्जखात्यात. दलालाच्या हातून नव्हे.

एक कागद मराठीत मागा

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला, घराच्या कर्जालासुद्धा, "की फॅक्ट स्टेटमेंट" देणं बँकांना, एनबीएफसींना आणि हाउसिंग फायनान्स कंपन्यांना बंधनकारक आहे. टेबलावर याला केएफएस म्हणतात. त्यात कर्जाची रक्कम, हप्ता, सगळे चार्जेस आणि सगळं मिळून पडणारा वार्षिक दर, ज्याला एपीआर म्हणतात, एका ठिकाणी लिहावा लागतो. दोन ठिकाणची कर्जं तोलायची तर एपीआर बघून तोला. नुसता व्याजदर बघू नका. केएफएसमध्ये नसलेला चार्ज नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

आणि नियमातच लिहिलंय: हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा, त्याला समजावून सांगावा, आणि समजल्याची पोच घ्यावी. म्हणजे निपाणीत, खानापुरात, येळ्ळूरमध्ये बसून "मला मराठीत द्या" म्हणणं हा भाषेचा वाद नाही. सीमाप्रश्नाचं राजकारण बाजूला ठेवून सरळ मागा. शाखेत नसेल तर मुख्य कार्यालयातून मागवून देतात. बऱ्याच मोठ्या संस्थांकडं मराठी नमुना तयार असतो, कारण त्यांच्या शाखा कोल्हापूर-सांगलीतही असतात. "इथं फक्त कानडी-इंग्रजी" असं उत्तर आलं, तर तेवढंच लेखी मागा. मग मराठी नमुना सापडायची शक्यता वाढते, हा माझा अनुभव.

केएफएसवरचा भाव किमान तीन कामकाजाचे दिवस टिकला पाहिजे, असाही नियम आहे. त्यामुळं "आजच सही करा, उद्या दर वाढतोय" म्हणणाऱ्याला हसून फाईल घरी न्यायची.

तारण म्हणून खरेदीपत्र कधीच नाही

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण घरं जातात ती व्याजापेक्षा या एका कागदानं.

सावकार किंवा खाजगी देणारा म्हणतो, "गहाणखताला खर्च येतो. तुम्ही मला खरेदीपत्र करून द्या, तेवढं सिक्युरिटीला. पैसे फेडलात की उलट खरेदी करून देतो." शब्दाला जागतो म्हणून एक वेगळा स्टॅम्पही करून देतो, की इतक्या मुदतीत पैसे आले तर घर परत. माणूस तो स्टॅम्प जपून कपाटात ठेवतो आणि निर्धास्त होतो.

त्या स्टॅम्पवर विसंबू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या (१८८२) कलम ५८ (क) मध्ये १९२९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून, परत देण्याची अट विक्रीच्या त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार मुदत खरेदीचं गहाण मानला जात नाही. वेगळ्या कागदावर लिहिलेली अट गहाण सिद्ध करायला चालत नाही. सब-रजिस्ट्रारपुढं तुम्ही घर विकलेलं असतं. पुढच्या महिन्यात खाता त्याच्या नावावर चढतो, आणि तुम्ही स्वतःच्याच घरात भाडेकरू होता.

याचीच धाकटी भावंडं म्हणजे वटमुखत्यारपत्र, ताब्यासह केलेलं संचकारपत्र, आणि सही केलेले कोरे चेक. कोऱ्या चेकवर रक्कम नंतर भरली जाते, चेक परत येतो, आणि चेक न वटल्याबद्दल कलम १३८ ची नोटीस येते. तिला उत्तर न देता गप्प बसणं सगळ्यात महागात पडतं. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस असतात, त्याच्या आत वकील गाठा. चेक द्यावेच लागले तर रक्कम, तारीख आणि नाव घालून द्या आणि त्यांचे नंबर लिहून पोच घ्या.

कानडी वाचता येत नसेल तरी दस्ताच्या डोक्यावर काय लिहिलंय ते कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. शेजारच्या कानडी शाळेतली सातवीची पोरगीही वाचेल. "क्रयपत्र" ऐकू आलं तर ती विक्री. "अडमान" म्हणजे गहाण. "साल" म्हणजे कर्ज. आपल्याला वर्ष वाटतं आणि तिथंच घोटाळा होतो. "बड्डी" व्याज, "ऋणभार" बोजा, "हक्कु बिडुगडे" म्हणजे हक्कसोड. कर्जाच्या फाईलमध्ये क्रयपत्र किंवा हक्कसोडीचा कागद निघाला, तर खुर्चीवरून उठायचं.

सहीचा दिवस

शेजारच्या जोडप्यानं ती फाईल परत पाठवली. दीड महिन्यानं दुसऱ्या एका बँकेतून कर्ज झालं. तिथंही फुल्या होत्याच. पण वैनींनी पोराचा खोडरबर बरोबर नेला होता. एक पान वाचून घ्यायचं, कळलं की फुली खोडायची, मग सही. शाखेतला तरुण अधिकारी आधी वैतागला, नंतर स्वतःच पान उलटून समजावायला लागला. सव्वा दोन तास लागले. एका पानावर जामीनदाराची जागा कोरी होती. तिथं त्यांनी सही केली नाही, आडवी रेघ मारायला लावली.

कोऱ्या जागा रेघ मारून बंद करायच्या, आणि कराराची सही-शिक्क्यासह प्रत त्याच दिवशी मागायची. मूळ कागद देताना त्यांची यादी करून पोच घ्या. व्याज कधीपासून लागणार तेही विचारा. मंजुरीच्या तारखेपासून लावत असतील तर ते चूक आहे, पैसे प्रत्यक्ष दिल्यापासूनच व्याज लागतं.

कर्ज चालू असताना

हप्ता रोख देऊ नका, दिलाच तर पावतीशिवाय नको. वर्षातून एकदा खात्याचा उतारा काढा. बदलत्या दराचं कर्ज असेल तर दर वाढल्यावर हप्ता न वाढवता मुदत गुपचूप लांबवतात. ते कळवणं आणि पर्याय देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. स्वतःच्या राहत्या घरासाठी व्यक्तीनं घेतलेलं बदलत्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, त्यामुळं दुसरीकडं दर कमी असेल तर बिनधास्त हलवा. हप्ता चुकला तर १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानं दंड लावता येतो, पण तो व्याजासारखा मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

लग्नासाठी, ट्रॅक्टरसाठी "टॉप-अप घ्या" असे फोन येतात. घरावर घेतलेलं टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, हे घराचंच कर्ज असतं, एवढं लक्षात ठेवून काय ते ठरवा.

अडकला असाल तर

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची मुभा नाही. धमकावायची, गल्लीत तमाशा करायची तर कधीच नाही. २०२५ च्या सुरुवातीला उत्तर कर्नाटकातून छळाच्या इतक्या तक्रारी आल्या, की राज्य सरकारनं फेब्रुवारीत छोट्या कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, पुढं त्याचा कायदा झाला. त्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे. दारात गोंधळ झाला तर मोबाइलवर रेकॉर्डिंग करा आणि ११२ लावा.

घराला कुलूप लावायला आलेला एजंट स्वतःच्या अधिकारात काहीच करू शकत नाही. बँक किंवा हाउसिंग फायनान्स कंपनी सरफेसी कायद्यानं (२००२; कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा कायदा) जात असेल, तर ९० दिवस थकल्यावर खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं, मग ६० दिवसांची लेखी नोटीस. त्या नोटिशीला लेखी हरकत घ्या. हरकतीला १५ दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग आहे. ताब्याची कारवाई झाल्यावर ४५ दिवसांत बेंगळूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही. नोटीस कानडीत किंवा इंग्रजीत आहे म्हणून घेतलीच नाही, असं आमच्याकडं फार होतं. पोस्टमनला परत पाठवल्यानं नोटीस थांबत नाही, तुमचे दिवस मात्र जातात.

तक्रार आधी कर्ज देणाऱ्याकडंच लेखी, पोच घेऊन. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर बँक आणि एनबीएफसीसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. फी नाही, चौकशीला १४४४८ हा नंबर, आणि कामाच्या वेळेत तिथं मराठीतही बोलता येतं. हाउसिंग फायनान्ससाठी नॅशनल हाउसिंग बँकेचं ग्रिड्स पोर्टल. बिननोंदणीचा धंदा असेल तर "सचेत" पोर्टल आणि पोलीस. सौहार्द किंवा पतसंस्था असेल तर सहकार खातं, बहुराज्य संस्था असेल तर केंद्रीय निबंधक. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. बायकांना तिथं उत्पन्न किती हे न बघता मोफत वकील मिळतो. म्हणून घर दोघांच्या नावावर असेल तर अर्ज वैनींच्या नावानं करा.

कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता भरला की पेढे वाटतात आणि फाईल विसरतात. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात; उशीर त्यांचा असेल तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पोच दिलेली यादी काढून एकेक कागद टिपून घ्या. मग बोजा उतरवायचा दस्त सब-रजिस्ट्रार कचेरीत नोंदवून घ्या, शेत असेल तर पहाणीच्या ११ व्या रकान्यातून नोंद काढून घ्या, आणि महिन्याभरानं नवी ईसी काढून स्वतः वाचा. हे राहून गेलं तर २० वर्षांनी पोरगं घर विकायला काढतं, खरेदीदाराच्या वकिलाला जुना बोजा दिसतो, आणि तोवर कर्ज दिलेली शाखा दुसऱ्याच बँकेत विलीन झालेली असते.